कॅम्पर व्हॅन, मीटरची वीज आणि एक युरोची नाणी

गाडीतलं_बिऱ्हाड

सप्टेंबरात म्युनिकहून भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन ऑस्ट्रिया, इटलीतले डोलोमाइट्स डोंगर, गार्डा तळं आणि परत असा बेत ठरतोय. आम्ही दोघं, लेक आणि पुण्याहून येणारी आई. आईला उठल्याबरोबर गरम पाणी आणि दोन वेळा वरणभात लागतो, त्याला इलाज नाही.

रस्ते, टोल, विन्येट (महामार्गाचा स्टिकर) सगळं वाचून झालंय. घोडं अडलंय ते विजेपाशी. एका कॅम्पसाइटच्या दरपत्रकात रात्रीला ४ युरो ठोक, वीज कितीही वापरा. दुसरीकडे युनिटला ७५ सेंट आणि वर जोडणीचे २ युरो. तिसरीकडे नुसतंच 'नाणी टाका'. घरी आम्हाला युनिट ४० सेंटच्या आसपास पडतं, म्हणजे हा जवळपास दुप्पट भाव झाला.

तर ठोक बरं की मीटरचं? नाण्यांचं यंत्र चालतं कसं? आणि घरची इंडक्शन शेगडी बरोबर घ्यावी का? जर्मन लोकांच्या चर्चा वाचायला गेलो तर तिथे माणसं यावरून एकमेकांच्या उरावर बसलेली. आपल्यातलं कुणी सांगेल तर बरं.

बाव्हेरियातला_बोका

आधी पद्धती सांगतो, हिशेब दुसरं कुणी तरी करेलच. (अर्थिंगवाला काका, तुमची वाट बघतोय.)

मोठ्या कॅम्पसाइटवर मीटर असेल तर रिसेप्शनवाली बाई तुमच्या जागेचा नंबर आणि आजचं रीडिंग चिठ्ठीवर लिहून देते. निघताना पुन्हा रीडिंग, वजाबाकी, पैसे. पोचल्या पोचल्या मीटरचा स्वतः एक फोटो काढा. चिठ्ठीवरचा आकडा आणि खांबावरचा आकडा जुळत नसेल तर तेव्हाच सांगायचं. निघायच्या सकाळी मागे पाच गाड्या उभ्या असताना तो वाद घालायला मजा येत नाही.

नाण्यांचा खांब असतो तो गावोगावच्या साध्या पार्किंगवजा तळांवर. कमरेएवढा खांब, चार किंवा सहा सॉकेट, प्रत्येकावर झाकण आणि नंबर. आधी तुमचा जाड निळा तीन पिनांचा प्लग खोचायचा, मग त्या नंबरचं बटण दाबायचं, मग नाणं. हा क्रम बहुतेक ठिकाणी असाच. बटण चुकलं तर तुमच्या युरोवर शेजारचं डच कुटुंब टीव्ही बघतं आणि ते तुम्हाला सांगायला येत नाहीत. छोट्या पडद्यावर शिल्लक दिसते. निघताना उरलेली शिल्लक परत मिळत नाही, ती पुढच्याला. आपल्यालाही कधी कधी आधीच्याचं अर्धं युनिट फुकट मिळतं, म्हणून नाणं टाकण्याआधी पडदा बघावा.

आता महत्त्वाचं. खांबावर लिहिलेलं नीट वाचा. '१ युरो = १ युनिट' वेगळं आणि '१ युरो = १० तास' वेगळं. पहिल्यात तुम्ही वापराल तेवढं संपतं. दुसऱ्यात तुम्ही झोपलात तरी संपतं. तासांवरचा खांब असेल तर फोन, लॅपटॉप, व्हॅनची बॅटरी, किटली, सगळं त्या वेळात लावून घ्या.

एक युरोची आणि ५० सेंटची नाणी डबीभर जवळ ठेवा. पाणी भरायलाही तीच लागतात आणि कित्येक ठिकाणी अंघोळीलासुद्धा.

शिट्टी_तीन

वाचतेय. आम्हीही पुढच्या उन्हाळ्यात निघणार आहोत. प्रेशर कुकर नेणार हे ठरलेलं आहे, त्याच्याशिवाय डाळ शिजत नाही. डोलोमाइट्समध्ये १८०० मीटरवर पाणी ९४ अंशांलाच उकळतं म्हणे, तिथे पातेल्यात तूर शिजवायला बसलात तर सूर्य मावळेल. पण तो इंडक्शनवर की गॅसवर?

अर्थिंगवाला

बोक्याने नाव घेतलंच आहे तर लिहितो. आयुष्य वायरी ओढण्यात गेलं, आता उन्हाळा लेकाकडे श्टुटगार्टला आणि त्याच्या व्हॅनमध्ये.

भावाआधी लोड बघा. खांबावर किंवा दरपत्रकात अँपिअर लिहिलेले असतात. व्होल्ट सगळीकडे २३०. म्हणजे १६ अँपिअरला ३६८० वॉट मिळतात, १० ला २३००, ६ ला १३८०. इटलीत जुन्या जागांवर ३ अँपिअरही भेटतात, म्हणजे ६९० वॉट. तिथे २००० वॉटची इंडक्शन लावली की एमसीबी (जास्त लोडला वीज तोडणारा स्विच) पडलाच. आणि तो एमसीबी बऱ्याचदा कुलूपबंद पेटीत असतो, किल्ली रिसेप्शनमध्ये, रिसेप्शन रात्री बंद. तुमच्यासकट त्या लाइनवरचे इतर लोकही कधी कधी अंधारात जातात. मग ओळख चांगली होते.

१० अँपिअरचा एमसीबी ११ अँपिअरला लगेच पडत नाही. १.१३ पटीपर्यंत तो तासभर तरी धरतोच. त्यामुळे किटली दोन-तीन मिनिटं जास्त झाली तर निभावतं, हीटर रात्रभर जास्त झाला तर नाही.

एमसीबी न पडता ईएलसीबी पडला (वीज गळली की तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा असतो) तर लोड कमी करून उपयोग नाही. कुठे तरी गळती आहे. बहुतेक वेळा ओल्या गवतात पडलेला प्लग किंवा फ्रिजचं एलिमेंट. एकेक वस्तू काढत जायचं.

आता युनिटांचा हिशेब. लोक किटलीला घाबरतात, घाबरू नका. एक लिटर थंड पाणी उकळायला साधारण ०.११ युनिट, ७५ सेंटच्या भावानेसुद्धा ८ सेंट. आईंच्या गरम पाण्याला कुणी कात्री लावू नये. फोन, लॅपटॉप, दिवे, पाण्याचा पंप सगळं मिळून दिवसाला अर्धं युनिट. दोन वेळचा वरणभात इंडक्शनवर पाऊण युनिट धरा.

पैसा खातो तो फ्रिज. व्हॅनमध्ये दोन जातींचे फ्रिज येतात. एक कॉम्प्रेसरचा, १२ व्होल्टवर चालणारा, दिवसाला अर्धं-पाऊण युनिट. दुसरा अब्सॉर्प्शनचा, जो गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट तिन्हींवर चालतो. त्यात कॉम्प्रेसर नसतोच, एलिमेंट तापवून गार करतो. तो २३० वर दिवसाला अडीच-तीन युनिट ओढतो. तेवढंच काम तो गॅसवर सुमारे ३०० ग्रॅममध्ये करतो.

म्हणून इंडक्शन न्यावी का यापेक्षा भाड्याच्या व्हॅनमध्ये फ्रिज कुठला आहे ते आधी विचारा.

कशाला_हो

एवढ्या लांबच्या सहलीला हजारो युरो घालवणार आणि रोजच्या चार युरोंसाठी एलिमेंट, ईएलसीबी! ठोकवाली जागा घ्या, सगळं लावा, गार्ड्याच्या काठी पाय पाण्यात सोडून बसा. हलके घ्या.

हिशेबनीस

@कशाला_हो, हलकं घेतलं. पण तुमचंच ऐकायचं तरी कधी ऐकायचं हे कळायला आकडा लागतो.

धागाकर्त्यांचे दर घेतले. ठोक रात्रीला ४. मीटर म्हणजे ७५ सेंट युनिट अधिक जोडणीचे २. हे २ युरो बहुतेक ठिकाणी मुक्कामाला एकदाच लागतात, रोज नाही. तरी विचारून घ्या, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल तर काकांच्या यादीप्रमाणे चार माणसांचे रोजचे सव्वादोन युनिट झाले. एकच रात्र राहिलात तर २ अधिक १.७०, म्हणजे ३.७०. ठोकच्या चारपेक्षा जेमतेम कमी. तीन रात्री राहिलात तर २ अधिक ५, म्हणजे ७. ठोकचे १२. इथे मीटर सरळ जिंकलं.

आता अब्सॉर्प्शनचा फ्रिज विजेवर. रोजचे साडेचार. एका रात्रीचे साधारण ५.४० युरो, तीन रात्रींचे १२ च्या जरा वर. दोन्हीकडे ठोक स्वस्त, तीन रात्रींना अगदी जेमतेम. तोच फ्रिज गॅसवर टाकला की आपण पुन्हा जवळपास पहिल्या हिशेबावर आलो, फक्त फ्रिजच्या विजेऐवजी रोजचा ७०-८० सेंटचा गॅस धरायचा. (११ किलोची बाटली २५-३० युरोला धरून.)

म्हणून ठोक जागेवर फ्रिज विजेवर चालवा, मीटरच्या जागेवर गॅसवर.

अर्थिंगवाला

बरोबर. एकच पुस्ती. नव्या फ्रिजना 'ऑटो' असतं. केबल लावली रे लावली की तो स्वतःहून विजेवर जातो. तुमचा गॅस वाचवला असं त्याला वाटतं. मीटरच्या जागेवर 'ऑटो' काढून हाताने गॅसचं चित्र निवडायचं.

मँचेस्टरकर

इंग्लंडात वेगळा कायदा आहे. घरगुती वापरासाठी वीज पुढे विकणाऱ्याने, स्वतःला युनिट ज्या भावाने पडलं त्यापेक्षा जास्त लावायचं नाही. ऑफजेमचा (तिथल्या वीज-गॅस नियामकाचा) हा कमाल पुनर्विक्री दराचा नियम २००३ पासून आहे. स्थिर आकारातला वाटा वेगळा घेता येतो, पण युनिटवर नफा नाही.

त्यामुळे इथे बरेच मालक मीटरच्या फंदात पडत नव्हते, वीज जागेच्या भाड्यातच धरायचे. २०२२ ला विजेचे दर आभाळाला टेकले तेव्हा कित्येकांनी मीटर बसवायला घेतले, कारण लोक कॅराव्हॅनमध्ये दिवसभर पंख्याचा हीटर लावून ठेवत. मालकाच्या बाजूनेही बघावं लागतं.

कशाला_हो

म्हणजे जर्मनीत ४० ची वीज ७५ ला विकणं ही राजरोस लूट झाली की. तिकडे का नाही असा नियम?

बाव्हेरियातला_बोका

लूट म्हणण्याआधी खांब बघा. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा एमसीबी, स्वतःचा ईएलसीबी, मीटर, जमिनीखालून केबल, आणि हे सगळं वर्षातले चार-पाच महिनेच चालतं. मोठ्या लोडची जोडणी मात्र बारा महिने भरायची. नाण्यांचा डबा रिकामा करायला माणूस, त्यात कुणी वॉशर टाकून अडकवला तर दुरुस्तीवाला. मला ७५ खटकत नाही. मला खटकतं ते '१ युरो = ४ तास' आणि खांबावर ६ अँपिअर. तिथे फक्त फोन चार्ज केलात तर एका युनिटला दहा-बारा युरो भाव पडतो.

कशाला_हो

आणि मीटरच पळत असेल तर? मागे एका तळावर (नाव घेत नाही) एका रात्रीचे नऊ युनिट आले. आम्ही दोघं, एक किटली आणि दोन फोन. मालक म्हणाला मीटर खोटं बोलत नाही.

अर्थिंगवाला

मीटर क्वचितच खोटं बोलतं, पण तपासता येतं, तेही बसल्या जागी.

डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो, बहुधा १००० इंप प्रति केडब्ल्यूएच. म्हणजे हजार वेळा लुकलुकला की एक युनिट. आपल्याकडच्या घरच्या मीटरवरही असतो, आकडा वेगळा. आता व्हॅनमधलं सगळं बंद करा, फ्रिज, चार्जर, बॉयलर सगळं. दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही तर एक तर तुमचं काही तरी चालू आहे किंवा तो सॉकेट आणि तो मीटर एकमेकांचे नाहीत. दुसरा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय, शेजारच्या जागेचं बिल भरलं जात होतं.

मग १००० वॉटची किटली एकटीच लावा. दिवा दर ३.६ सेकंदांनी एकदा लुकलुकायला हवा. दहा लुकलुकी ३६ सेकंदांत. फोनमधलं स्टॉपवॉच पुरतं. किटलीवर ८५० ते १००० असा पल्ला लिहिलेला असेल तर थोडं इकडेतिकडे चालेल, पण १५ सेकंदांतच दहा झाले तर रिसेप्शनला जाऊन हात जोडून विचारा.

जर्मनीत पैसे घेण्यासाठी लावलेल्या मीटरची शासकीय पडताळणी बंधनकारक आहे. डिजिटल मीटरला ८ वर्षांची मुदत, जुन्या फिरत्या चकतीच्या मीटरला १६. वर्ष मीटरवरच कुठे तरी सापडतं.

तुमचे नऊ युनिट मात्र मला फ्रिज आणि बॉयलरचे वाटतात. व्हॅनमधला पाण्याचा बॉयलर विजेवर राहिला होता का?

कशाला_हो

बॉयलर... बायकोला विचारून सांगतो.

शिट्टी_तीन

😄

काका, कुकरचं राहिलं.

अर्थिंगवाला

हो ताई. खांब १० किंवा १६ अँपिअरचा असेल आणि वीज ठोक असेल तर इंडक्शन बिनधास्त लावा. ६ अँपिअर असेल तर इंडक्शन हजार वॉटच्या खाली ठेवा आणि त्या वेळी किटली लावू नका. बाकी ठिकाणी व्हॅनची गॅसची शेगडी आहेच. तीन शिट्ट्यांचा वास चार गाड्यांपर्यंत जातो, तेवढी तयारी ठेवा.

आणि केबल. २५ मीटरची, अडीच स्क्वेअरची (तारेची जाडी अडीच चौरस मिलिमीटर), रबरी आवरणाची. ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पाच मीटरच लागत असली तरी पूर्ण सोडवून गवतावर पसरा. गुंडाळलेल्या केबलवर मोठा लोड टाकला की ती आतल्या आत तापते आणि आवरण वितळतं.

पाव_आणि_जाम

फ्रान्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून. तिथल्या गावच्या तळांवर नाण्यांऐवजी टोकन चालतं आणि ते टोकन मिळतं बेकरीत, पर्यटन कार्यालयात किंवा नगरपालिकेत. म्हणजे सोमवारी बेकरी बंद असली की तुमची वीजही बंद. एका टोकनात साधारण १०० लिटर पाणी किंवा ५५ मिनिटं वीज. ५५ मिनिटांत काय होणार? बॅटरीला थोडा जीव येतो इतकंच. कित्येक यंत्रं आता कार्ड घेतात, पण मी दोन टोकनं आगाऊच घेऊन ठेवते.

आणि तिकडे फेज-न्यूट्रल उलटे असलेले सॉकेट सर्रास भेटतात. तपासायचा छोटा टेस्टर दहा युरोत मिळतो.

सह्यवाट

अवांतर: महाराष्ट्राने २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कात पाणी, वीज वगैरे सोयी देण्याचं आहे. तिथे वीज मीटरवर की ठोक, कुणाला अनुभव?

बाव्हेरियातला_बोका

वेगळा धागा काढा राव, हा गार्ड्यावरून तापोळ्याला जाईल. पण जरूर काढा, वाचायला आवडेल.

गाडीतलं_बिऱ्हाड

सगळ्यांचे आभार. भाड्याच्या व्हॅनवाल्यांना विचारलं. फ्रिज अब्सॉर्प्शनचा आहे, ऑटोवाला. गॅसच्या ११ किलोच्या दोन बाटल्या भरून देतात. केबल २५ मीटर, निळ्या प्लगची, बरोबर साध्या सॉकेटचा अ‍ॅडॅप्टर.

त्यामुळे असं ठरवलंय: वाटेतले एकेका रात्रीचे मुक्काम ठोक जागेवर, फ्रिज विजेवर. गार्ड्याला चार रात्री मीटरची जागा, तिथे फ्रिज गॅसवर. इंडक्शन घरीच ठेवतोय, कुकर गॅसवर लावू.

एक शंका उरली. डोलोमाइट्समध्ये सप्टेंबरअखेर रात्री पारा पाचच्या खाली जाईल. आईसाठी छोटा पंख्याचा हीटर घेऊ का?

अर्थिंगवाला

नको. २००० वॉटचा हीटर म्हणजे तासाला दोन युनिट. थर्मोस्टॅटवर अर्धा वेळ बंद राहिला तरी रात्रीचे आठ. मीटरवर ६ युरो झाले, आणि बऱ्याच कॅम्पसाइटवर त्याला स्पष्ट मनाई असते. व्हॅनला स्वतःचं गॅसवर चालणारं हीटिंग असतं, तेच १६-१७ अंशांवर रात्रभर ठेवा. गॅसमध्ये किलोला सुमारे १२.८ युनिट उष्णता असते, म्हणजे थंडीच्या रात्री एखादा किलो जाईल. दुसरी बाटली मोकळी ठेवा.

व्हॅनवाल्यांना हीटिंगचं मॉडेल मात्र विचारा. ट्रुमा कॉम्बी (हीटर आणि बॉयलर एकत्र) असेल आणि नावात 'ई' असेल तर ते विजेवरही चालतं, ९०० किंवा १८०० वॉटवर. ठोक वीज आणि १० अँपिअर असतील तिथे १८०० वर टाका, गॅस तेवढा वाचला. ६ अँपिअर असतील तर ९०० वर, पण सकाळी किटली लावायच्या आधी बंद करा. ३ अँपिअरच्या खांबावर ९०० सुद्धा बसत नाही, तिथे गॅसच.